आझाद मैदानावरचे लेखी आश्वासन आणि शेतकऱ्यांच्या स्वतंत्र पक्षाचा प्रश्न

12 मार्च 2018 रोजी मुंबईच्या आझाद मैदानावर येऊन बसलेल्या शेतकऱ्यांना राज्य सरकारने त्यांच्या मागण्यांवर लेखी आश्वासन दिले, आणि त्या रात्री त्यांच्यापैकी अनेकजण छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवरून सुटलेल्या विशेष गाड्यांनी परत गेले. मोर्चा यशस्वी झाला, असे त्या दिवशी सर्वांनीच मानले आणि ते खोटे नव्हते. तरीही पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी 2019 मध्ये, त्याच भागातील शेतकरी बऱ्याच अंशी त्याच मागण्यांसाठी पुन्हा मुंबईकडे निघाले, आणि मार्च 2023 मध्ये आणखी एकदा. सरकार कबूल करते आणि तरी शेतकऱ्याला पुन्हा तीच वाट चालावी लागते, असे का होते, आणि विधानसभेत शेतकऱ्यांचा स्वतःचा पक्ष असता तर हे टळले असते का, हा या प्रकरणाचा विषय आहे. ज्या शहरात राज्याचे मंत्रालय आणि विधानभवन आहे, त्या शहरात राहणाऱ्या मराठी माणसाने हा प्रश्न दूरचा मानू नये, असे मला मनापासून वाटते, कारण शेतकऱ्यांच्या जमिनीचा, कर्जाचा आणि भावाचा बराचसा निर्णय याच शहरात होतो.

मोर्चा

6 मार्च 2018 रोजी अखिल भारतीय किसान सभेच्या नेतृत्वाखाली नाशिकहून हा मोर्चा निघाला. इगतपुरी, कसारा घाट, शहापूर, भिवंडी आणि ठाणे असे सुमारे 180 किलोमीटर अंतर सहा दिवसांत पायी कापून तो 11 मार्चला शीवच्या सोमय्या मैदानात पोहोचला. चालणाऱ्यांत सुरगाणा, पेठ, कळवण, दिंडोरी या तालुक्यांतील आदिवासी शेतकऱ्यांचा भरणा मोठा होता. त्यांची पहिली मागणी वनजमिनीची होती. 2006 च्या वनहक्क कायद्यानुसार 13 डिसेंबर 2005 पूर्वीपासून कसत असलेल्या वनजमिनीवर आदिवासी कुटुंबाला चार हेक्टरपर्यंत हक्क मिळतो. पण कायदा झाल्याला दशक उलटून गेले तरी असंख्य दावे नामंजूर झाले होते, प्रलंबित होते, किंवा मंजूर होऊनही प्रत्यक्ष कसल्या जाणाऱ्या क्षेत्रापेक्षा कितीतरी कमी जमिनीचे पट्टे हाती आले होते. ज्या जमिनीवर आजोबांपासून नागली आणि भात पिकतो, त्या जमिनीचा सातबारा नावावर नसेल तर बँकेचे कर्ज नाही आणि अतिवृष्टीची भरपाईही नाही. कर्जमाफी मिळाली तरी तिचा उपयोग ज्याच्या नावावर कर्ज आहे त्यालाच होतो, हे लक्षात घेतले म्हणजे वनपट्ट्याची मागणी सर्वांत वर का होती, ते कळते.

त्याखालोखाल कर्जमाफीतील त्रुटी दूर करण्याची मागणी होती. जून 2017 मध्ये पुणतांब्यापासून सुरू झालेल्या शेतकरी संपानंतर राज्य सरकारने दीड लाख रुपयांपर्यंतची कर्जमाफी आणि तीवर 34,000 कोटी रुपये खर्च करण्याची घोषणा केली होती. अर्ज, याद्या आणि पात्रतेचे निकष यांच्या गुंत्यात अनेकजण बाहेर राहिले होते. त्याशिवाय स्वामिनाथन आयोगाच्या शिफारशीप्रमाणे उत्पादन खर्चाच्या दीडपट भाव, वृद्ध शेतकऱ्यांना पेन्शन, जीर्ण शिधापत्रिका बदलून मिळणे आणि पश्चिमवाहिनी नद्यांचे पाणी राज्यातच राखणे, अशा मागण्या होत्या.

11 मार्चच्या रात्री मोर्चाने जे केले ते मुंबई विसरलेली नाही. दुसऱ्या दिवशी दहावीची परीक्षा होती आणि सकाळी रस्ते अडले असते तर विद्यार्थ्यांचे हाल झाले असते, म्हणून दिवसभर चालून आलेल्या माणसांनी विश्रांती न घेता मध्यरात्रीनंतर पुन्हा चालायला सुरुवात केली आणि उजाडण्यापूर्वी ते आझाद मैदानावर पोहोचले. वाटेत मुंबईकरांनी त्यांना पाणी दिले, बिस्किटे आणि जेवण दिले, फाटलेल्या पायांसाठी चपला आणून दिल्या. या सहानुभूतीला कमी लेखणे चुकीचे ठरेल, कारण दुसऱ्या दिवशीच्या वाटाघाटींत तिचे वजन होते: ज्या मोर्चाकडे शहर आपुलकीने पाहत होते, त्याला पोलिसी बळाने हाताळणे कोणत्याही सरकारला परवडले नसते.

आणखी एक गोष्ट त्या दोन दिवसांत घडली, आणि आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने ती फार महत्त्वाची आहे. सरकारमध्ये सहभागी असलेल्या शिवसेनेचे नेते मोर्चाला भेटायला आले. मनसेचे नेते आले. काँग्रेस, राष्ट्रवादी आणि शेतकरी कामगार पक्ष यांनी पाठिंबा दिला. ज्या पक्षांची एकमेकांशी निवडणुकीत लढत होती, ते सगळे लाल टोप्यांच्या गर्दीसमोर येऊन उभे राहिले. त्यांना यात धोका दिसला नाही, कारण हा मोर्चा त्यांच्या जागा मागत नव्हता. किसान सभा मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाशी जोडलेली आहे हे सर्वांना माहीत होते, पण त्या पक्षाचा तेव्हाच्या विधानसभेत एकच आमदार होता: कळवणचे जीवा पांडू गावित. त्या संपूर्ण मोर्चाचे ते एक प्रमुख नेते होते, आणि विधानभवनात मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस व मंत्र्यांसमोर बसलेल्या शिष्टमंडळातही ते होते. चर्चेत ठरलेल्या गोष्टी केवळ पत्रात न राहता विधिमंडळासमोर याव्यात, असा आग्रह शिष्टमंडळाने धरला. वनहक्काचे दावे सहा महिन्यांत निकाली काढण्याचे सरकारने मान्य केले.

त्यानंतर

सहा महिन्यांची मुदत उलटली. फेब्रुवारी 2019 मध्ये नाशिकहून दुसरा मोर्चा निघाला. लोकसभा निवडणूक तोंडावर होती, आणि मोर्चा नाशिक जिल्ह्याबाहेर पडण्याच्या आतच सरकारने नवे लेखी आश्वासन देऊन तो थांबवला. मार्च 2023 मध्ये दिंडोरीहून तिसरा मोर्चा निघाला तेव्हा सरकार बदलले होते, कांद्याचा भाव कोसळलेला होता आणि मागण्यांत कांद्याच्या अनुदानाची भर पडली होती. शहापूर तालुक्यातील वाशिंद येथे तो थांबून राहिला. त्या मुक्कामात एका शेतकऱ्याचा मृत्यूही झाला. मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी विधानसभेत निवेदन केले, कांद्याला क्विंटलमागे 350 रुपये अनुदान जाहीर झाले, आणि वनहक्कांच्या प्रश्नासाठी जी समिती नेमली गेली तिच्यात माजी आमदार गावित आणि डहाणूचे आमदार विनोद निकोले यांचा समावेश करण्यात आला.

गावित येथे माजी आमदार होते, आणि हा या प्रकरणातील सर्वांत टोचणारा तपशील आहे. देशभर ज्याची वाखाणणी झाली त्या मोर्चानंतर वर्षभरातच झालेल्या लोकसभा निवडणुकीत ते दिंडोरीतून उभे राहिले आणि लाखाच्या आसपास मते मिळवून तिसऱ्या क्रमांकावर राहिले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये विधानसभेची कळवणची जागाही राष्ट्रवादीच्या उमेदवारापुढे त्यांच्या हातून गेली. ज्या तालुक्यांतील माणसे त्यांच्या शब्दावर सहा दिवस चालली, त्याच तालुक्यांतील पुरेशा मतदारांनी त्यांना मत दिले नाही.

यावरून शेतकरी कृतघ्न आहे असा निष्कर्ष काढणारे लोक मला मुंबईत भेटले आहेत, आणि तो निष्कर्ष मला अन्यायाचा वाटतो. मोर्चात माणूस एका मागणीसाठी चालतो; मतदान करताना त्याच्यासमोर गावचा रस्ता असतो, सोसायटीची निवडणूक असते, मुलाची नोकरी असते, जातीचा आणि घराण्याचा संबंध असतो, आणि हा उमेदवार निवडून येऊन सत्तेत जाईल का, हा हिशोबही असतो. शेतकरी शेतकरी म्हणून लढतो, पण केवळ शेतकरी म्हणून मत देत नाही. हा त्याचा दोष नाही. शहरातला नोकरदारही केवळ नोकरदार म्हणून मत देत नाही.

पक्ष काढलेल्यांचे अनुभव

शेतकऱ्यांना सभागृहात जागा नाही म्हणून त्यांचे ऐकले जात नाही, असे अनेकदा बोलले जाते. महाराष्ट्रापुरते तरी हे निदान खरे नाही. यशवंतराव चव्हाण आणि वसंतराव नाईक यांच्या काळापासून राज्याचे नेतृत्व बहुतांशी शेतकरी कुटुंबांतून आलेले आहे. साखर कारखाने, जिल्हा बँका, दूध संघ आणि बाजार समित्या यांच्या वाटेने आमदार झालेल्यांनी विधानसभा भरलेली असते, आणि निवडणुकीच्या प्रतिज्ञापत्रात शेती हा व्यवसाय लिहिणारे सर्व पक्षांत आहेत. शेतीतून आलेला माणूस निवडून येतो. अडचण अशी की निवडून आल्यावर तो शेतकऱ्यांच्या नव्हे, पक्षाच्या आदेशाने मतदान करतो. म्हणून शेतकऱ्यांचाच पक्ष हवा, हा विचार पुढे येतो आणि तो तर्कदृष्ट्या चुकीचा नाही. तो महाराष्ट्राने एकाहून अधिक वेळा करून पाहिलेला आहे.

1947 साली काँग्रेसमधून बाहेर पडलेल्या केशवराव जेधे, शंकरराव मोरे यांनी शेतकरी कामगार पक्ष स्थापन केला. काही वर्षांतच जेधे आणि मोरे दोघेही काँग्रेसमध्ये परतले. पक्ष मात्र मेला नाही. तो रायगडमध्ये आणि सांगोल्यात टिकला, आणि सांगोल्यातून गणपतराव देशमुख अकरा वेळा विधानसभेत गेले. राज्यव्यापी पक्ष म्हणून तो आक्रसला, पण ज्या ठिकाणी माणूस आणि काम दोन्ही तिथलेच होते तिथे तो पिढ्यान्‌पिढ्या उभा राहिला.

शरद जोशींचा अनुभव याहून मोठा आहे, कारण त्यांच्याइतकी माणसे स्वातंत्र्यानंतरच्या महाराष्ट्रात शेतीच्या प्रश्नावर फार थोड्यांनी रस्त्यावर आणली असतील. स्वित्झर्लंडमधील नोकरी सोडून ते चाकणजवळ आंबेठाणला शेती करू लागले. चाकणच्या कांद्यापासून आंदोलन सुरू झाले. 1979 मध्ये शेतकरी संघटना उभी राहिली. 1980 मध्ये नाशिक जिल्ह्यात ऊस आणि कांद्यासाठी रस्ते अडवले गेले. 1981 मध्ये निपाणीला तंबाखू उत्पादकांवर गोळीबार झाला आणि शेतकरी मारले गेले. 1986 मध्ये चांदवडला शेतकरी महिलांचे प्रचंड अधिवेशन भरले. “भीक नको, हवे घामाचे दाम” ही घोषणा आणि छातीवरचा लाल बिल्ला एवढ्यावर विदर्भातला कापूसवाला आणि नाशिकचा कांदेवाला एका रांगेत उभा राहिला. निवडणुकीच्या बाबतीत संघटनेने आधी दुसऱ्यांना पाठिंबा देऊन पाहिले: 1987 च्या नांदेड लोकसभा पोटनिवडणुकीत ती प्रकाश आंबेडकरांच्या मागे उभी राहिली आणि अशोक चव्हाण निवडून आले. 1990 मध्ये तिचे काही कार्यकर्ते जनता दलाच्या चिन्हावर विधानसभेत पोहोचले. राजुऱ्याचे वामनराव चटप त्यांतले, आणि मोरेश्वर टेमुर्डे तर विधानसभेचे उपाध्यक्ष झाले. त्यानंतर 1994 मध्ये जोशींनी स्वतंत्र भारत पक्ष काढला, आणि 1995 च्या विधानसभा निवडणुकीत ते स्वतः पराभूत झाले. पुढे 2004 मध्ये ते राज्यसभेत गेले, पण शिवसेना आणि भारतीय जनता पक्षाच्या पाठबळावर.

हे असे का झाले, याविषयी माझे मत थोडे विस्ताराने मांडतो. संघटनेची मागणी एककलमी होती: शेतमालाला उत्पादन खर्चावर आधारित भाव. ही मागणी कोणत्याही पक्षाच्या शेतकऱ्याला आपली म्हणता येत होती. काँग्रेसचा सरपंच आणि शेकापचा कार्यकर्ता एकाच रास्ता रोकोत बसू शकत होते. पक्ष काढताक्षणी मागणीच्या जागी विचारसरणी आली. स्वतंत्र भारत पक्ष हा खुल्या बाजारपेठेचा, सरकारचा हात आखडता ठेवणारा पक्ष होता, आणि तो विचार जोशींनी प्रामाणिकपणे व अभ्यासाने मांडला होता. पण ज्याला कांद्याचा भाव हवा होता त्या प्रत्येकाला हा सगळा विचार पटलेला होता असे नाही. त्याहून कठीण असे, की काल जो काँग्रेसचा सरपंच संघटनेत येऊन बसत होता त्याला आता दोहोंतले एक निवडणे भाग पडले, आणि बहुतेकांनी आपला जुना पक्ष निवडला. पक्ष निघाल्यावर संघटनेची आंदोलनाची ताकदही पूर्वीसारखी राहिली नाही. सत्ताधाऱ्यांना तिच्यात प्रतिस्पर्धी दिसू लागला.

राजू शेट्टींचे उदाहरण याच्या उलट टोकाचे आहे. संघटनेतून बाहेर पडून त्यांनी स्वाभिमानी शेतकरी संघटना उभी केली, ऊस या एका पिकावर आणि कोल्हापूर-सांगली या एका पट्ट्यावर ती उभी राहिली, आणि दरवर्षी जयसिंगपूरच्या ऊस परिषदेत पहिल्या उचलीचा, म्हणजे उसाच्या पहिल्या हप्त्याचा, आकडा जाहीर करण्याची तिची पद्धत कारखानदारांनाही मनावर घ्यावी लागली. 2004 मध्ये ते शिरोळचे आमदार झाले, 2009 मध्ये हातकणंगलेचे खासदार, आणि 2014 मध्ये पुन्हा खासदार. एक पीक, एक पट्टा, एक कारखानदारी आणि वर्षानुवर्षांचे काम, हे सगळे जुळले तर शेतकऱ्यांचा माणूस लोकसभेत जातो, हे त्यांनी सिद्ध केले. अडचण युतीने आणली. 2014 मध्ये शेट्टींचा स्वाभिमानी पक्ष राष्ट्रीय लोकशाही आघाडीत होता. 2016 मध्ये त्याचे सदाभाऊ खोत राज्यमंत्री झाले. आणि मे 2017 मध्ये शेट्टी पुण्याहून मुंबईपर्यंत आत्मक्लेश यात्रा घेऊन निघाले. ज्या सरकारविरुद्ध पक्षाचा अध्यक्ष मुंबईकडे चालत येत होता, त्याच सरकारात पक्षाचा माणूस कृषी खात्याचा राज्यमंत्री होता. काही महिन्यांत खोतांची हकालपट्टी झाली, त्यांनी रयत क्रांती संघटना काढली, पक्ष आघाडीबाहेर पडला, आणि 2019 व 2024 या दोन्ही निवडणुका शेट्टी हरले. छोट्या पक्षाला सत्तेत जावेसे वाटणे स्वाभाविक आहे, कारण मतदार कामे मागतो आणि कामे सत्तेतूनच होतात. पण सत्तेत गेल्यावर ज्या माणसाला जाब विचारायचा, त्याच्याच शेजारी बसावे लागते.

पंजाबचा अनुभव ताजा आहे आणि त्यावर फार लिहिण्याची गरज नाही. दिल्लीच्या सीमांवर वर्षभर चाललेल्या आंदोलनाने तीन कृषी कायदे मागे घ्यायला लावल्यानंतर तेथील 22 संघटनांनी डिसेंबर 2021 मध्ये बलबीर सिंग राजेवाल यांच्या नेतृत्वाखाली संयुक्त समाज मोर्चा काढून विधानसभा लढवली. दिल्लीचे आंदोलन चालवणाऱ्या संघटनांच्या आघाडीने, म्हणजे संयुक्त किसान मोर्चाने, त्यापासून स्वतःला वेगळे ठेवले, आणि निकालात त्यांना एकही जागा मिळाली नाही. राजेवालांची स्वतःची अनामतही वाचली नाही.

एक वर्ग, अनेक हितसंबंध

त्या कृषी कायद्यांच्या वेळी महाराष्ट्रात जे झाले ते मात्र पंजाबच्या निकालापेक्षा अधिक शिकवणारे आहे. जानेवारी 2021 मध्ये याच आझाद मैदानावर किसान सभा आणि मित्रसंघटनांनी कायद्यांविरुद्ध मोठी सभा घेतली; नाशिकहून वाहनांचा ताफा आला होता. त्याच महिन्यात जोशींच्या शेतकरी संघटनेचे अनिल घनवट हे कायद्यांचे तत्त्वतः समर्थक म्हणून सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या समितीवर होते. दोन्ही बाजू शेतकऱ्यांच्याच होत्या, आणि दोहोंनी शेतकऱ्यांसाठी मार खाल्लेला होता. समजा या दोहोंचा मिळून एक पक्ष असता, तर त्या कायद्यावर त्याचा आदेश काय निघाला असता?

हा मतभेद नेत्यांच्या स्वभावाचा नाही. ऑगस्ट 2021 मध्ये केंद्राने कोंबडीखाद्यासाठी सोयापेंड आयात करू दिली तेव्हा लातूरचा सोयाबीन उत्पादक संतापला आणि कोंबड्या पाळणाऱ्या शेतकऱ्याचा जीव भांड्यात पडला. धरणाच्या वरच्या अंगाला ऊस लावणारा आणि खाली टँकरची वाट पाहणारा, दोघेही शेतकरी. रोजगार हमीची मजुरी वाढली की शेतमजुराच्या घरी चार पैसे येतात आणि मजूर लावणाऱ्याचा खर्च वाढतो. 2015-16 च्या कृषी गणनेत राज्यातील सरासरी धारणक्षेत्र 1.34 हेक्टर इतकेच भरले, आणि तेही ज्याच्या नावावर जमीन आहे त्याचे. कसणारी बाई, कुळ, वनजमीनधारक या हिशोबात पुरेसे येतच नाहीत. चळवळ या सर्वांना एका मागणीपुरती एकत्र आणू शकते. पक्षाला प्रत्येक विधेयकावर, प्रत्येक अर्थसंकल्पावर, शेतीशी संबंध नसलेल्या शेकडो विषयांवर भूमिका घ्यावी लागते.

त्यात जागांचे गणितही आहे. विधानसभेच्या 288 जागांपैकी 36 मुंबईत, 18 ठाणे जिल्ह्यात आणि 6 पालघरमध्ये आहेत. पुणे, नाशिक, नागपूर, छत्रपती संभाजीनगर या शहरांतल्या वेगळ्या. या मतदाराला कांदा स्वस्त हवा असतो, आणि त्याची ही अपेक्षाही बेइमानीची नाही. डिसेंबर 2023 मध्ये केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली ती याच अपेक्षेच्या दबावाखाली, आणि तिचा राग 2024 च्या लोकसभा निवडणुकीत दिंडोरीत व्यक्त झाला: केंद्रात मंत्री असलेल्या भारती पवार यांचा एका शिक्षकाने, भास्कर भगरे यांनी, पराभव केला. शेतकऱ्यांचा वेगळा पक्ष नव्हता, तरी शेतकऱ्यांनी निकाल फिरवला. सहाच महिन्यांनी झालेल्या विधानसभा निवडणुकीत मात्र सत्ताधारी आघाडी प्रचंड बहुमताने परत आली. राग मतपेटीत एकदा पोहोचला म्हणून तो तिथे राहतोच असे नाही, आणि पक्ष केवळ रागावर उभा करता येत नाही.

माझे मत

एवढे सांगितल्यावर शेतकऱ्यांनी निवडणुकीपासून दूरच राहावे, असे मी म्हणेन अशी अपेक्षा होईल. तसे मला वाटत नाही, आणि त्याचे कारण पुन्हा 12 मार्च 2018 च्या त्या खोलीत आहे. मैदानावर दिलेल्या शब्दाला पत्रापलीकडे आधार नसतो. सभागृहात मंत्र्याने दिलेल्या शब्दाला असतो. विधिमंडळाची आश्वासन समिती असते, जी सभागृहात दिलेल्या आश्वासनांचे पुढे काय झाले याची विचारणा विभागांकडे करते. तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना, अर्धा तास चर्चा ही सगळी आयुधे आमदारालाच वापरता येतात. मोर्चाच्या नेत्याला, तो कितीही मोठा असला तरी, प्रेक्षक दीर्घेत बसावे लागते. शिष्टमंडळातला एक माणूस स्वतः आमदार होता याचा उपयोग त्या दिवशी झाला, आणि 2019 नंतर तोच माणूस सभागृहात नसल्याची उणीवही भासली. 2023 च्या समितीत निकोले बसू शकले ते त्यांच्याकडे डहाणूची जागा होती म्हणून. आणि ती जागा एका निवडणुकीच्या प्रचारातून आलेली नाही, तिच्या मुळाशी 1945 पासून गोदावरी आणि शामराव परुळेकरांनी तलासरी-डहाणूच्या वारल्यांमध्ये वेठबिगारीविरुद्ध केलेले काम आहे. एकटा प्रतिनिधी किती करू शकतो याचे दुसरे उदाहरण शेट्टींचेच आहे: 2018 मध्ये देशभरच्या शेतकरी संघटनांनी मिळून तयार केलेली कर्जमुक्ती आणि हमीभावाची दोन विधेयके लोकसभेत खासगी विधेयके म्हणून त्यांनी मांडली. ती मंजूर झाली नाहीत, पण पुढच्या सर्व मागण्यांचा मसुदा त्यातून संसदेच्या दप्तरात गेला.

म्हणून माझे म्हणणे असे आहे: सर्व शेतकऱ्यांचा म्हणून राज्यव्यापी पक्ष काढू नये, संघटना सर्व पक्षांतल्या शेतकऱ्यांसाठी खुली राहावी, आणि जिथे तिचे काम वर्षानुवर्षांचे आहे अशा मोजक्या मतदारसंघांतून तिने आपला माणूस उभा करावा. त्यासाठी काही पथ्ये पाळावी लागतील. निवडून आलेल्या माणसाने संघटनेचे पद सोडावे, म्हणजे त्याच्या राजकीय तडजोडींचा भार चळवळीवर पडणार नाही. मंत्रिपद घेऊ नये; हे पथ्य कठोर आहे, मतदारांना आवडणारे नाही, पण 2017 मध्ये जे झाले ते पाहता दुसरा मार्ग मला दिसत नाही. बाकीच्या मतदारसंघांत संघटनेने कोणालाही पाठिंबा न देता प्रत्येक उमेदवाराकडून ठराविक तीन-चार मागण्यांवर लेखी, सहीचे उत्तर घ्यावे आणि मतदानाआधी ते गावोगाव वाचून दाखवावे.

या मांडणीवर सर्वांत गंभीर आक्षेप संघटनांच्या आतूनच येतो, आणि तो खर्चाचा आहे. विधानसभेच्या एका मतदारसंघात उमेदवाराला कायद्याने 40 लाख रुपयांपर्यंत खर्च करता येतो आणि प्रत्यक्षात याहून किती जास्त होतो हे गावातला प्रत्येकजण जाणतो. अनामत दहा हजार रुपये, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला पाच हजार, आणि एक षष्ठांश मते मिळाली नाहीत तर तीही जाते. वर्गणीवर चालणाऱ्या संघटनेला असे दोन मतदारसंघही जड जातात. याला उपाय एकच आहे, आणि तो लांबचा आहे: निवडणूक जाहीर झाल्यावर नव्हे, तर तिच्या चार-पाच वर्षे आधी मतदारसंघ ठरवणे, ग्रामपंचायत आणि सोसायटीपासून माणसे निवडून आणणे, वनपट्ट्याचे आणि पीकविम्याचे अर्ज हाताने भरून देणारी केंद्रे तालुक्याला चालवणे, आणि त्या कामाच्या नोंदी ठेवणे. सुरगाण्यात आणि तलासरीत हे झालेले आहे. कळवणमध्ये ते झाले असूनही जागा गेली, याची कारणे शोधणे हे त्या संघटनेचे पुढचे काम आहे, आणि त्यासाठी मोर्चात चालून आलेल्या, पण मत दुसरीकडे दिलेल्या शेतकऱ्याशी तिला मोकळेपणाने बोलावे लागेल.